धार-देवासचे मराठीपण आणि चीनच्या छायेतील दोन देश

शालेय इतिहासाच्या पुस्तकांत पूर्व आशियाविषयी एक विधान हमखास आढळते : कोरिया व व्हिएतनाम या देशांवर चिनी संस्कृतीचा खोल प्रभाव पडला. विधान खोटे नाही. परंतु ते वाचून विद्यार्थ्याच्या मनात जे चित्र उभे राहते, ते मोठ्या तळ्यातून पाट काढावा आणि खालच्या शेतांनी मुकाट्याने भिजावे, असे असते. देणारा तेवढा कर्ता. घेणारा केवळ पात्र. आपल्या अधिक परिचयाच्या एका प्रदेशाविषयीही अशीच विधाने केली जातात. मराठ्यांनी माळव्यात मराठी संस्कृती नेली, असे एकदा म्हटले जाते. माळव्यात गेलेले मराठे हळूहळू हिंदी झाले, असे लगेच दुसऱ्या दमात म्हटले जाते. या दोन्ही विधानांत धार आणि देवास येथील माणसांना स्वतः होऊन काही करावयास उरतच नाही. प्रस्तुत लेखात आम्ही प्रथम त्या दोन दूरच्या देशांचा इतिहास थोडा तपासून पाहणार आहोत आणि मग तेथे जे आढळेल ते हाती घेऊन धार-देवासकडे वळणार आहोत.

व्हिएतनामचा उत्तर भाग इ. स. पू. १११ मध्ये हान साम्राज्याने जिंकला. मधले बंडाचे काही काळ सोडले, तर पुढे हजार वर्षांहून अधिक काळ तो चिनी अंमलाखाली राहिला. इ. स. ९३८ मध्ये न्गो क्वेन या सेनानीने बाख दांग नदीच्या पात्रात टोकदार खांब पुरून ठेवले, भरती-ओहोटीचा अंदाज घेतला आणि चालून आलेले चिनी आरमार त्या खांबांवर अडकवून बुडविले. परकी सत्ता गेली म्हणजे परकी संस्कृतीही ओसरली असेल, अशी आपली अपेक्षा असते. घडले ते उलट. स्वतंत्र झालेल्या राजांनी १०७० मध्ये राजधानीत, म्हणजे आजच्या हनोईत, कन्फ्यूशियसचे मंदिर उभारले आणि १०७५ मध्ये चिनी पद्धतीची राज्यसेवेची परीक्षा सुरू केली. ही परीक्षा तेथे १९१९ पर्यंत चालली. खुद्द चीनने ती १९०५ मध्येच मोडीत काढली होती! चिनी सुभेदारांच्या काळात जे वरून लादलेले होते, ते स्वतःच्या राजांच्या काळात मागून घेतलेले झाले. आणि मागून घेतलेले अधिक टिकले.

याहून बोलके उदाहरण पंधराव्या शतकातले आहे. १४०७ ते १४२७ अशी वीस वर्षे मिंग सम्राटांनी व्हिएतनाम पुन्हा ताब्यात ठेवला होता. ले लोई याने त्यांना हुसकावून लावल्यावर १४२८ मध्ये त्याचा मंत्री न्गुयेन त्राय याने विजयाचा जाहीरनामा लिहिला. आपला देश फार पूर्वीपासून सुसंस्कृत आहे, त्याच्या सीमा निराळ्या आहेत, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चालीरीती भिन्न आहेत, असा त्याचा आशय. व्हिएतनामी लोक या लेखाला आपल्या स्वातंत्र्याच्या सनदेचा मान देतात. ही सनद अभिजात चिनी भाषेत लिहिलेली आहे. ज्याच्याशी लढावयाचे त्याच्याच भाषेत आपले वेगळेपण मांडण्यात न्गुयेन त्रायला विसंगती वाटली नाही; कारण ती भाषा एकट्या चीनची आहे, असे तो मानीतच नव्हता. आपल्याकडे संस्कृत जशी कोणा एका प्रांताची नव्हती, तशीच त्या भूभागात चिनी विद्याभाषा होती.

कोरियाची हकीकत थोडी वेगळी आहे. हान साम्राज्याने इ. स. पू. १०८ मध्ये तेथे ठाणी वसविली. त्यांतील शेवटची ठाणी इ. स. ३१३ च्या सुमारास उठली. यानंतर कोरियाने चीनकडून जे घेतले, ते बहुतांशी आपल्या राजी-खुशीने. राज्यसेवेची परीक्षा तेथे ९५८ मध्ये सुरू झाली व १८९४ पर्यंत चालली. परंतु कोरियन भाषा चिनी भाषेच्या कुळातली नाही. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय शब्दाला जोडून, अशी तिची घडण. मराठी माणसाला ती चिनीपेक्षा जवळची वाटावी. अशा भाषेला चिनी चित्राक्षरांचा अंगरखा कधीच नीट बसला नाही. ही अडचण ओळखून राजा सेजोंग याने १४४३ मध्ये २८ अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली व १४४६ मध्ये ती जाहीर केली. आज जिला हंगुल म्हणतात, ती हीच.

या लिपीला पहिला विरोध कोणी केला, हे अकादमीच्या सभासदांनी जाणून घेण्यासारखे आहे. तो अडाण्यांनी केला नाही. राजाच्या स्वतःच्या विद्वत्सभेतील छोए मान-री या पंडिताने १४४४ मध्ये केला. आपली स्वतंत्र लिपी करणारे लोक म्हणजे मंगोल, तिबेटी, जपानी यांच्यासारखे रानटी. आपण सुसंस्कृत असता त्यांच्या पंक्तीला का बसावे, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे कित्येक शतके पंडितांनी या लिपीकडे गावंढळ म्हणून पाहिले. ती जगली ती स्त्रियांच्या पत्रांत, बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांत, गोष्टींच्या पुस्तकांत. राजमान्य लेखन चिनीत आणि मनातले लेखन हंगुलमध्ये, असा हा संसार साडेचारशे वर्षे चालला.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. १६४४ मध्ये मिंग घराणे पडून चीनवर मांचूंचे राज्य आले. कोरियाचा राजा नाइलाजाने मांचू सम्राटाला खंडणी पाठवीत राहिला. पण खासगी लेखनात कोरियन विद्वान शेवटच्या मिंग सम्राटाचाच शक लिहीत राहिले. मिंगकालीन पोशाख व विधी त्यांनी जपले. खरी संस्कृती आता चीनमध्ये उरलेली नाही, ती आमच्याकडे आहे, आम्हीच ‘लघु चीन’ आहोत, अशी त्यांची भावना झाली. मूळ घर बदलले आणि उसनवारी करणारा रखवालदार झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता माळव्याकडे येऊ.

तत्पूर्वी वाटेतला एक दुवा सांगावयास हवा. आजच्या व्हिएतनामच्या मध्य व दक्षिण किनाऱ्यावर चंपा नावाचे राज्य होते. तेथील राजांची नावे भद्रवर्मन् या धर्तीची, देव शिव, आणि शिलालेखांची भाषा संस्कृत. चंपेची राजधानी विजया १४७१ मध्ये व्हिएतनामी सैन्याच्या हाती पडली. म्हणजे आज ज्याला आपण व्हिएतनाम म्हणतो, त्या एका देशात चिनी विद्येचे वर्तुळ आणि संस्कृत विद्येचे वर्तुळ एकमेकांना भिडलेले होते. त्या दुसऱ्या वर्तुळातील एक तेजस्वी केंद्र म्हणजे भोजाची धारा नगरी.

परमार राजा भोज याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेत राज्य केले. ‘शृंगारप्रकाश’, ‘सरस्वतीकंठाभरण’, ‘समरांगणसूत्रधार’ हे त्याच्या नावावरचे ग्रंथ सर्वश्रुत आहेत. परंतु धारेच्या दगडांवर केवळ संस्कृत कोरलेले नाही, हे आपण पुष्कळदा विसरतो. कूर्मावताराला उद्देशून लिहिलेली दोन प्राकृत शतके तेथील शिलांवर सापडली. धारहूनच आलेला मानला जाणारा ‘राउलवेल’ हा शिलालेख आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यात निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रियांची वर्णने त्या त्या प्रांतांच्या बोलीच्या छटेत केलेली आहेत. विद्याभाषेच्या राजधानीत देशी बोलींनाही दगडाचा मान मिळत होता. सेजोंगच्या पंडिताला ही कल्पना सोसली नसती.

परमारांचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या सुलतानांनी घेतले. मग मांडूचे सुलतान आले, त्यांच्यामागून मोगल. दरबारची भाषा फारसी झाली. नोव्हेंबर १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे मोगल सुभेदार गिरिधर बहादूर पडला आणि माळव्याचे दार मराठ्यांना मोकळे झाले. उदाजी पवार व त्यांचे बंधू आनंदराव यांच्यापासून धारचे घराणे चालते. तुकोजी व जिवाजी या बंधूंपासून देवासची थोरली व धाकटी पाती. देवासचा प्रकार तर भारतात विरळा : एकच गाव, पण त्यात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार.

हे पवार स्वतःला परमारांचे वंशज म्हणवीत. धारेत त्यांचे येणे म्हणजे स्वारी नसून घरवापसी आहे, असा या वंशकथेचा अर्थ होता, आणि धार व पवार यांची सांगड घालणारी एक लोकोक्तीही त्यासाठी प्रचारात होती. चिकित्सक इतिहासकार अशा वंशावळींकडे संशयाने पाहतो, ते योग्यच आहे. परंतु वंशावळ खरी की खोटी, हा एवढाच प्रश्न विचारून थांबले, तर तिचे कार्य नजरेतून सुटते. व्हिएतनामच्या न्गो सी लिएन या इतिहासकाराने १४७९ मध्ये लिहिलेल्या बखरीत आपल्या राजवंशाचे मूळ चिनी पुराणांतील शेन नोंग या देवतुल्य राजापर्यंत नेले आहे. कोरियन पंडित शतकानुशतके किजा नावाच्या चिनी ऋषितुल्य पुरुषाला आपल्या संस्कृतीचा आद्य गुरू मानीत आले. दोघांनाही त्यायोगे चीनचे अंकित व्हावयाचे नव्हते. आम्हीही तितकेच जुने आणि तितकेच थोर आहोत, असे चीनला सांगावयाचे होते. पवारांनी भोजाशी जोडलेले नाते याच जातीचे होते. दख्खनेतून आलेल्या मराठा सरदाराला राजपूत राजांच्या पंक्तीत बसावयाचे तर राजपुतांना कळेल अशा भाषेतच बोलावे लागे.

शिवाय या नात्याचा एक विद्वत्तापूर्ण लाभही पदरात पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे अधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी तेथील जुन्या इमारतीतील शिलालेख उजेडात आणले. अर्जुनवर्म्याच्या काळी मदनाने रचलेली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका आणि वर सांगितलेली प्राकृत शतके त्यामुळे जगापुढे आली. लेल्यांनी कॅप्टन लुअर्ड यांच्यासमवेत परमारांचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तो १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि शि. का. ओक यांच्यासह धार संस्थानचा इतिहास मराठीत लिहिला. भोजाचा वारसा सांगणाऱ्या मराठी राज्यात भोजाचे दगड वाचणारा मराठी पंडित निघाला, याला आम्ही केवळ योगायोग म्हणणार नाही.

धार-देवासच्या कारभाराची भाषा मराठी होती, लिपी मोडी. पण ही मराठी कोणती? फडणीस, चिटणीस, पोतनीस, जमादार, सरंजाम, जहागीर या शब्दांवाचून तिचे एक पान पुरे होत नाही, आणि यांतील प्रत्येक शब्दात फारसीचा अंश आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राजव्यवहारकोश’ झाला, संस्कृत पर्याय सुचविले गेले. त्यांतले थोडे रुजले, बाकीचे पोथीत राहिले. कोरियन कोशांतही निम्म्याच्या आसपास शब्द चिनी मुळाचे आहेत. तरीही कोरियन वाक्य कोरियनच राहते, कारण वाक्याचा कणा उसना नाही. फारसी नामांनी भरलेले मोडी पत्रही शेवटी ‘असे’, ‘केले’, ‘जाणिजे’ या क्रियापदांवरच उभे असते. शब्द मोजून भाषेचे परावलंबन ठरविण्याची जी सवय आपल्या शुद्धिवाद्यांना आहे, ती म्हणूनच आम्हांला अपुरी वाटते.

आता ‘लघु चीन’ची आठवण करावी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. ज्याचा जन्म १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात झाला होता, तो दुसरा बाजीराव पुणे सोडून बिठूरला गेला. पुण्यात इंग्रजी कचेऱ्या आल्या, पाठोपाठ नवी शाळा, नवा पोशाख, नवे गद्य आले. देवासचा तह डिसेंबर १८१८ मध्ये व धारचा जानेवारी १८१९ मध्ये होऊन ही राज्ये इंग्रजांची मांडलिक झाली. परंतु आत दरबार तोच राहिला. ‘सेनासप्तसहस्री’सारखी बिरुदे, मानकऱ्यांच्या बैठकी, मोडी दप्तर, कुळाचार हे सारे शतकभर पुढे चालले. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी चिटणीस होता. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने पाहिला. १९२४ च्या आपल्या कादंबरीत त्याने तो रंगविला, आणि १९५३ च्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात देवासची पत्रे व आठवणी दिल्या. कादंबरीतल्या त्या उत्सवात गायक आळवतात ते तुकारामाला. हिंदी मुलुखाच्या मध्यभागी, एका इंग्रजाच्या कानी पडलेला हा देहूचा वाणी! देवासच्या ज्या टेकडीवरून त्या पुस्तकाला नाव मिळाले, तिच्यावर दोन देवी आहेत : एक चामुंडा, दुसरी तुळजाभवानी. दुसरीचे नाव कोठून आले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

मात्र सादृश्य ताणू नये. कोरियन पंडितांनी मिंग परंपरा जपली ती तत्त्व म्हणून, त्यावर ग्रंथ लिहून, वाद घालून. धार-देवासने जपले ते सोयरिकींतून. तुकोजीरावांचा विवाह १९०८ मध्ये कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्येशी झाला, आणि त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. जी सून महाराष्ट्रातून येते, ती आपली ओवी, आपली हळदीकुंकवाची रीत आणि आपली मराठी बरोबर आणते. मराठीचा मूळ प्रवाह दर पिढीला असा नव्याने येऊन मिळत होता. मिंग बुडाल्यावर कोरियाला अशी सोय उरली नव्हती.

आणि माळव्याने काय दिले? येथे विषय अधिक रसाळ होतो. व्हिएतनामचे सर्वश्रेष्ठ काव्य ‘त्रुयेन किएउ’ न्गुयेन दू (१७६५–१८२०) याने लिहिले. कथानक एका चिनी कादंबरीतून घेतलेले. पण छंद ‘लुक बात’, म्हणजे सहा व आठ अक्षरांच्या ओळींचा देशी छंद, आणि भाषा व्हिएतनामी. ३,२५४ ओळींचे हे काव्य निरक्षर शेतकऱ्यांच्याही तोंडी होते. मूळ चिनी कादंबरी आज त्याच्यामुळेच आठवली जाते. देणे-घेणे कोठे संपते व निर्मिती कोठे सुरू होते, हे अशा ठिकाणी दिसते. (किरकोळ गोष्टींतही तोच न्याय चालतो. पोहे माळव्यात गल्लोगल्ली मिळतात, पण बडीशेप आणि वर मूठभर शेव घालून. पुणेकर त्यांना नावे ठेवतो आणि दुसरी बशी मागतो.)

आमच्या प्रांतात असे सामर्थ्य दाखविणारे पहिले मोठे नाव भास्कर रामचंद्र तांबे यांचे. त्यांचा जन्म १८७३ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा, मृत्यू १९४१ चा. देवासला ते काही काळ राजपुत्राचे शिक्षक होते. आयुष्य महाराष्ट्राबाहेर गेले, कानांवर हिंदी व उर्दू गाण्याचे संस्कार झाले, आणि त्यांतून मराठीला एक नवी गीतमय कविता मिळाली. तांब्यांच्या कवितेतील नाद आणि तिच्यातील दरबारी नजाकत पुण्यात बसून जुळली असती, असे आम्हांला वाटत नाही. जी मराठी मध्य हिंदुस्थानात ‘बिघडली’ म्हणून हिणविली जात होती, तिनेच हे देणे मुख्य भूमीला परत पाठविले.

दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. जन्माने कानडी मुलुखातले, शिक्षणाने मुंबईत देवधर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले कुमार १९४८ मध्ये क्षयाच्या विकारामुळे कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाणे बंद, अंथरूण धरलेले, अशा स्थितीत माळवी स्त्रियांची गाणी, नाथपंथी गायकांची भजने त्यांच्या कानी पडत राहिली. लोकधुनांत दडलेले रागांचे बीज त्यांनी शोधले. त्यांतून धुनउगम राग उभे राहिले, आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाले. त्यांच्या अनेक बंदिशींची बोली माळवी आहे. याच कुमारांनी पुढे ‘तांबे गीत रजनी’ सादर केली. जी बोली मराठी घरांत नोकरचाकरांशी बोलण्यापुरती मानली जाई, तिच्यापुढे एका श्रेष्ठ गायकाने शिष्य होऊन बसावे, हा माळव्यातील सांस्कृतिक व्यवहाराचा सर्वांत मोठा प्रसंग होय. येथे प्रभाव वरून खाली आलेला नाही. खालून वर गेलेला आहे. चीन-कोरियाच्या इतिहासात याला तोड आम्हांला आढळत नाही.

तथापि एका बाबतीत धार-देवासची स्थिती त्या दोन देशांहून नाजूक आहे. कोरियन किंवा व्हिएतनामी माणूस कितीही चिनी शिकला, तरी नकळत चिनी बोलू लागत नाही. भाषांमधला बांध फार उंच आहे. मराठी आणि माळवी-हिंदी यांच्यात तो बांध गुडघ्याएवढाही नाही. लिपी एक, तत्सम शब्द तेच, देवधर्म तोच. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्यभारतात व १९५६ मध्ये मध्यप्रदेशात विलीन झाली. राजाश्रय गेला, कारभार हिंदीत आला. अशा ठिकाणी भाषा कोणी हिरावून घेत नाही. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही काही बदलले असे जाणवत नाही.

कोरियन स्त्रियांच्या हाती जशी हंगुल होती, तशी वेगळी खूण मराठीजवळ एकच होती, ती मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीही व्यवहारातून गेली. व्हिएतनामने हाच अनुभव घेतलेला आहे. ‘त्रुयेन किएउ’ ज्या लिपीत लिहिले गेले ती चू नोम, म्हणजे चिनी अक्षरांच्या धर्तीवर रचलेली देशी लिपी, रोमन वर्णांची लिपी रूढ झाल्यावर मागे पडली; आज आपले सर्वांत लाडके काव्य मूळ अक्षरांत वाचू शकणारे व्हिएतनामी मोजकेच आहेत. त्यांनी निदान ते काव्य वेळीच नव्या लिपीत उतरवून घेतले. धार-देवासच्या जुन्या घराण्यांच्या रुमालांत जे मोडी कागद असतील, त्यांतील हिशेब, लग्नाच्या याद्या आणि माहेरी पाठविलेली पत्रे यांवरूनच सांगता येईल की, १८१८ नंतरच्या शंभर वर्षांत त्या घरांत माळवी शब्द कोणत्या दाराने आत आला : देवडीवरून, बाजारातून, की स्वयंपाकघरातून.